27 वा क्रमांक आणि जोत्याचा दाखला

बांधकाम परवानगी, नगररचना, छोटे उद्योजक, बांधकाम कामगार यांपैकी कशावरही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर पहिल्या चार पानांत एक वाक्य तुमच्याकडून लिहून झालंच असणार. 'जागतिक बँकेच्या डूइंग बिझनेस अहवालात बांधकाम परवान्यांच्या निकषावर भारत 2018 च्या अहवालात 181 व्या क्रमांकावर होता, 2019 च्या अहवालात 52 व्या आणि 2020 च्या अहवालात 27 व्या क्रमांकावर आला.' माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते होतं. दुसऱ्या पानावर, ठळक अक्षरात. माझा विषय आहे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले छोटे बिल्डर आणि त्यांना सांभाळावी लागणारी तपासणीची, सुरक्षिततेची कागदपत्रं. गाईडनी त्या वाक्यासमोर पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: 'सांगलीत?'

त्या एका प्रश्नचिन्हात माझा अख्खा पहिला चॅप्टर बुडाला. आज त्याबद्दलच लिहिते. पेट पास होऊन आरआरसीपुढे जायच्या तयारीत असलेले बरेच जण हाच आकडा घेऊन जातात, आणि समितीतल्या कुणी विचारलं नाही तर तो थेट प्रबंधापर्यंत जाऊन बसतो.

आधी एक सोपी पळवाट बंद करू. 'तो अहवाल तर बंदच पडला, मग टीका कशाला?' असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, 16 सप्टेंबर 2021 ला जागतिक बँकेने तो बंद केल्याचं जाहीर केलं. 2018 आणि 2020 च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबडी सापडल्या होत्या. पण त्या चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांबाबतच्या होत्या. भारताचं नाव त्यात नव्हतं. त्यामुळे 'अहवाल बदनाम झाला, सबब आकडा खोटा' एवढं लिहून सुटका होत नाही. प्रश्न असा विचारा की आकडा अगदी खरा धरला, तरी तो नेमकं काय सांगतो?

तो सांगतो एका गोदामाबद्दल. निकषाची पद्धत वाचा, तीच वाचायची असते (मी ती सिनॉप्सिस सादर केल्यानंतर वाचली, हेही कबूल करते). एक काल्पनिक कंपनी. तिच्याकडे 60 कामगार-कर्मचारी, स्वतःचे परवानाधारक वास्तुविशारद आणि इंजिनिअर. तिने देशातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी शहराच्या कडेला 929 चौरस मीटर जागेवर दोन मजली, एकूण सुमारे 1,300 चौरस मीटरचं गोदाम बांधायचं, पुस्तकं किंवा स्टेशनरी ठेवायला. त्यासाठी किती टप्पे, किती दिवस, किती खर्च, हे त्या त्या शहरातल्या वास्तुविशारदांना, वकिलांना, अधिकाऱ्यांना विचारायचं. दहा कोटींच्या वर लोकसंख्या असलेल्या देशांत दोन शहरं. आपल्याकडची दिल्ली आणि मुंबई.

आता आपल्या भागात या. 929 चौरस मीटर म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. साताऱ्यात किंवा विश्रामबागेत नऊ गुंठे मोकळी जागा हातात असलेल्या माणसाला कुणी छोटा बिल्डर म्हणत नाही. छोटा बिल्डर म्हणजे तीन ते पाच गुंठ्यांवर खाली पार्किंग आणि वर दोन-तीन मजले, सहा-आठ फ्लॅट. किंवा चार रो-हाऊस. तोच मालक, तोच कॉन्ट्रॅक्टर, तोच सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारा. नकाशे करणारे लायसन्स इंजिनिअर वेगळे, आरसीसी कन्सल्टंट आणखी वेगळे, बहुतेकदा दुसऱ्याच शहरात बसलेले. कायमचा कामगार एकही नाही. सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, गवंडी, प्लास्टरवाले, प्रत्येकाची टोळी निराळी.

आणि सगळ्यात बोचरी गोष्ट अशी की मुंबईचा नियमच आपल्याला लागू नाही. मुंबईला तिची स्वतःची 2034 ची विकास नियंत्रण नियमावली आहे, दिल्लीला तिचे स्वतःचे उपविधी. सातारा-सांगलीत लागू आहे ती एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ती डिसेंबर 2020 मध्ये बृहन्मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडून राज्यभर लागू झाली. म्हणजे ज्या दोन शहरांवरून 27 वा क्रमांक ठरला, त्या दोन्ही शहरांचं नियमांचं पुस्तक वेगळं. शिवाय 27 वा क्रमांक आला तेव्हा आपलं आजचं पुस्तक अजून छापलंही नव्हतं. गाईडच्या त्या 'सांगलीत?' चा अर्थ हा होता.

पण टीका करायची तर ज्याच्यावर करतो त्याची सगळ्यात भक्कम बाजू समोर ठेवून करावी. डूइंग बिझनेस फक्त दिवस मोजत होतं असं लिहू नका, ते चूक आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये निघालेल्या अहवालापासून त्यात बांधकामाच्या गुणवत्ता-नियंत्रणाचा 15 गुणांचा निर्देशांक होता. बांधकामाआधी नकाशे कोण तपासतं, बांधकाम चालू असताना तपासणी सक्तीची आहे का, ती प्रत्यक्षात होते का, पुढे दोष निघाला तर जबाबदार कोण, त्यासाठी विमा आहे का, सही करणाऱ्याची पात्रता काय, असे प्रश्न त्यात होते. चांगले प्रश्न आहेत. माझी प्रश्नावली मी नंतर केली तेव्हा यातले दोन जवळजवळ जसेच्या तसे उचलले. अडचण उत्तराच्या प्रकारात आहे. 'तपासणी होते का?' याला हो किंवा नाही, आणि त्यावर गुण. आपल्याकडच्या एका छोट्या साईटवर हा प्रश्न विचारून बघा, समोरचा माणूस विचारेल, 'कसली तपासणी? कुणाची?'

हे मला शिकवलं एका नायलॉनच्या पिशवीने. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे सलग काही आठवडे जात होते. साठीचे गृहस्थ. त्यांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पिशवी टेबलावर उपडी केली. 'घ्या ताई. हे सगळं म्हंजी एक बिल्डिंग.' सातबारा, बिनशेतीचा आदेश, मोजणीचा नकाशा, मंजूर नकाशे, इंजिनिअरचं देखरेखीचं पत्र, स्ट्रक्चरल स्थिरतेचं पत्र, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याचा दाखला, कामगार उपकराची पावती, पाणी, ड्रेनेज, पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र. मी उत्साहाने टेबल काढायला लागले. कागदाचं नाव, कार्यालय, दिवस, खर्च. म्हणजे जागतिक बँकेचंच टेबल, फक्त मराठीत.

तिसऱ्या दिवशी मी कंटाळून एक कॉलम वाढवला: 'हा कागद देताना साईट प्रत्यक्ष कुणी डोळ्यांनी पाहिली?' आणि अण्णांना एकेक कागद दाखवून विचारत गेले. ते आधी हसले. मग एकेका कागदाला जरा थांबायला लागले.

त्या कॉलममुळे माझा प्रबंध बदलला. तुम्ही कुठल्याही परवाना-व्यवस्थेवर काम करत असाल, शाळा मान्यता असो की अन्न परवाना, हा कॉलम टेबलात घ्या. कागदाची संख्या आणि पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूडीसीपीआरने तर त्यातला फरक स्वतःच उघडपणे मांडला आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे दीड गुंठ्याच्या भूखंडावर ठरावीक उंचीचं घर असेल तर कागद आणि शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी. 150 ते 300 चौरस मीटरला परवानाधारक इंजिनिअर किंवा वास्तुविशारदाच्या प्रमाणनावर दहा दिवसांत परवानगी. त्याहून मोठ्या कामाला नेहमीची पद्धत. जोखीम कमी तिथे सरकारने कमी अडवावं, हे तत्त्व केंद्राच्या 2016 च्या नमुना उपविधींतही होतं. मला ते मान्य आहे. दीड गुंठ्यात घर बांधणाऱ्या माणसाला 1966 च्या नगररचना कायद्यातल्या साठ दिवसांच्या मुदतीकडे डोळे लावून बसवण्यात कुणाची सुरक्षितता वाढत नव्हती. पण इथे जोखीम मोजली कशावरून? भूखंडाच्या क्षेत्रफळावरून आणि उंचीवरून. जमिनीखाली काय आहे त्यावरून नाही.

सांगलीच्या बाजूला खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फुटिंग तिच्या खाली मुरमापर्यंत न्यावं लागतं. दीड गुंठ्याच्या घराला हे लागू आणि नऊ गुंठ्यांच्या गोदामालाही. फुटिंग किती खोल गेलं हे कळायची वेळ फार थोडी असते. खड्डा उघडा आहे, सळई बांधून झाली आहे आणि काँक्रीट पडायचं आहे, तेवढीच. एकदा भराव टाकून जोता बांधला की पुढचं आयुष्यभर ते कुणालाच दिसत नाही.

म्हणून मला जोत्याचा दाखला पिशवीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटला होता. जोत्यापर्यंत काम झालं की तसं कळवायचं, सोबत परवानाधारक तांत्रिक व्यक्तीचं प्रमाणपत्र की काम मंजूर नकाशाप्रमाणे झालं आहे. मला वाटलं, हीच ती सुरक्षिततेची तपासणी. अण्णांनी माझा भ्रम एका वाक्यात काढला: 'ताई, ह्यात मार्जिन बघत्यात. सळई न्हाई.' मी कागद पुन्हा वाचला. त्यांचं बरोबर होतं. जोत्याच्या वेळी मुख्य प्रश्न असतो तो इमारत नकाशात दाखवल्या जागी उभी आहे का, बाजूचं अंतर सोडलं आहे का, लांबी-रुंदी तीच आहे का. गरजेचाच प्रश्न आहे. एकदा मार्जिन खाऊन जोता झाला की पुढचे तीन मजले ते मार्जिन खाऊनच चढतात. पण हा नगररचनेचा प्रश्न आहे. फुटिंगच्या सळईचं उत्तर दुसऱ्या कागदावर, आरसीसी कन्सल्टंटच्या सहीखाली, आणि तो कागद जोत्याच्या दिवशी कुणी उघडेलच असं नाही.

इथे माझी पहिली खरी टीका, आणि ती जागतिक बँकेपेक्षा आपल्यावर, संशोधकांवर आहे. आपण 'तपासणी' हा शब्द एकवचनात वापरतो. एका साईटवर निदान तीन तपासण्या असतात: जागेची, मजबुतीची आणि माणसांची. तिन्हींचे कायदे वेगळे, सह्या करणारे वेगळे, आणि तिन्हींना एकमेकांची खबर नसते. 'तपासणी होते का' याला एक गुण द्यायचा तर कुणाला द्यायचा?

मजबुतीच्या सहीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ते घाटापलीकडे घडलं आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरलं की पुढे महाड. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसं गेली. जुनाट वाडा नव्हता तो, दहा वर्षंही न झालेली आरसीसी इमारत होती. गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डर होता, वास्तुविशारद होता, आरसीसी सल्लागार होता आणि नगरपालिकेशी संबंधित अधिकारीही होते. न्यायालयात दोष कुणाचा ठरतो तो वेगळा भाग. संशोधक म्हणून आपण ही यादी बघायची. कागदांच्या पिशवीवर ज्यांच्या सह्या असतात, साधारण तीच माणसं त्या यादीत आहेत. घर उभं असतं तोवर सही म्हणजे पुढच्या टेबलाकडे जाण्याची परवानगी. पडलं की तीच सही जबाबदारी होते. दिवस मोजणाऱ्या टेबलात सहीचा पहिला अर्थ येतो, दुसरा येत नाही.

आता या सहीचा पैसा कोण देतो ते बघा. इंजिनिअरची फी बिल्डर देतो, आणि बिल्डरचं काम नीट झालं असं प्रमाणपत्र इंजिनिअर देतो. हे एकट्या सातारा-सांगलीचं दुखणं नाही, जगभरच्या स्वयंप्रमाणनाचं आहे. पण लहान गावात ते जास्त घट्ट असतं. तालुक्याच्या गावी लायसन्स इंजिनिअर मोजके, बिल्डरही मोजके, लग्नाच्या पंगतीला शेजारी बसणारे. त्यातून लगेच 'संगनमत' असा शब्द लिहू नका, मी लिहिला होता आणि गाईडनी खोडला. मला भेटलेल्या इंजिनिअरांतले दोघे फुटिंगच्या दिवशी सकाळी सहाला साईटवर असायचे, फीमध्ये ते धरलेलंही नसायचं. तिसरे मोबाईलवर आलेले फोटो बघून 'चालू द्या' म्हणायचे. तिघांच्या प्रमाणपत्राचा मजकूर अक्षरशः एकच. ही माझी तक्रार आहे: नमुना असा आहे की पहाटे आलेला आणि न आलेला यांत कागदावर फरकच राहत नाही. भेटीची तारीख, काय उघडं पाहिलं, कशाचा फोटो जोडला, एवढ्या तीन ओळी नमुन्यात असत्या तरी चांगल्या इंजिनिअरला आपलं चांगलेपण दाखवता आलं असतं.

गंमत म्हणजे माझ्या त्या कॉलममध्ये सगळ्यात जास्त वेळा ज्याच्या नावापुढे 'स्वतः आले' अशी नोंद झाली, तो माणूस नगरपालिकेचा नव्हता आणि कामगार खात्याचाही नव्हता. तो बँकेचा व्हॅल्युअर. फ्लॅट घेणाऱ्याचं कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं, म्हणून प्रत्येक स्लॅबनंतर कुणीतरी येऊन बघतं की स्लॅब झाला का. किती झालं ते बघतं, कसं झालं ते नाही. पण परक्या माणसाची नियमित फेरी होते ती हीच. परवाना-व्यवस्थेवरच्या साहित्यात मला हा माणूस फारसा भेटला नाही. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, मोकळा आहे.

तिसरी तपासणी माणसांची. इथे कायद्याची भाषा आणि साईटचं कॅलेंडर एकमेकांना कसं चुकवतं ते बघण्यासारखं आहे. 1996 चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा 2025 पर्यंत त्या आस्थापनेला लागू होत असे, जिथे मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त कामगार होते. स्वतःचं राहतं घर दहा लाखांच्या आत बांधणारा माणूस त्यातून वगळलेला होता. (हे सगळं 2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या संहितांमध्ये सामावलं गेलं आहे. तुमच्या अभ्यासाचा काळ कोणता आणि त्या काळात कोणतं कलम लागू होतं हे सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका, नाहीतर व्हायवात अडकाल.) छोट्या बिल्डरला विचारा, माणसं किती? 'पाच-सहा.' खोटं नाही ते. रोज पाच-सहाच असतात. पण स्लॅबच्या दिवशी जा. मिक्सर, लिफ्ट, खडी-वाळू भरणारे, पाट्या उचलणारे, व्हायब्रेटरवाला, वर काँक्रीट पसरणारे. पंचवीस-तीस माणसं, बायका धरून, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. कायद्यातल्या 'कोणत्याही एका दिवशी' या शब्दांनी ती साईट कायद्याखाली येते. आणि त्या एका दिवसासाठी नोंदणी करायची हे कुणाच्याही डोक्यात नसतं.

उपकर मात्र भरला जातो. बांधकाम खर्चाच्या एक टक्का, परवानगीच्या वेळीच. म्हणजे कामगारांच्या नावाने पैसा जमा होतो, पण कामगार कुठे कागदावर येतो? तर त्याने स्वतः मंडळाकडे नोंदणी केली की. वय 18 ते 60, आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो दाखला देणार कोण? ज्याने कामावर ठेवलं तो कॉन्ट्रॅक्टर, किंवा ग्रामसेवक, नगरपालिका. मी अण्णांना विचारलं, तुम्ही देता का? ते बराच वेळ पिशवीतले कागद लावत बसले. मग म्हणाले, 'एकाला दिला तर मी मालक झालो. मग दहा जण कुठं ठेवलं, रजिस्टर कुठं, पट्टे कुठं, समदं माझ्यावर येतंय. गवंडी माझा न्हाई, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मी तर त्यांच्यातलाच एक.'

हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसऱ्या साईटवरचा एक गवंडी होता. परांचीवरून पडला होता, उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. गाव आणि माणूस सांगत नाही. त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, 'मॅडम, तुम्ही एवढं लिहून घेताय, ह्याचं काम त्या बिल्डिंगवर होतं असं तुमच्या वहीत लिहिलंय का?' लिहिलं होतं. पण माझ्या वहीला काहीच किंमत नव्हती. त्या इमारतीच्या पिशवीत एक टक्का उपकराची पावती होती, बाकी सगळे दाखले होते, पण तो तिथे होता असं सांगणारा एकही कागद नव्हता. संशोधकाने मध्ये पडावं का, या प्रश्नावर मेथडॉलॉजीच्या पुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. मी पडले. 90 दिवसांसाठी कुणाकुणाकडे जाता येतं ते विचारून त्यांना लिहून दिलं आणि एकदा सोबत गेले. प्रबंधात ते तसंच नोंदवणार आहे. पुढे काय झालं ते अजून व्हायचं आहे.

अण्णांवर रागावणं सोपं आहे. पण बघा, कागद त्यांना काय शिकवतोय: खरं लिहिणाऱ्यावर बोजा, न लिहिणारा मोकळा. 500 चौरस मीटरच्या आत जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर 2016 च्या रेरा कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतल्या बिल्डरचं नाव संकेतस्थळावर दिसत नाही, ग्राहकाला त्याच्या मागच्या इमारती एका जागी बघता येत नाहीत. नीट काम करणाऱ्या छोट्या माणसाचं यात नुकसानच आहे. सूट मिळाली, पण ओळख मिळाली नाही. 'परवाना राज' वाले अभ्यासक यांना पिडलेला उद्योजक म्हणतात, वर्तमानपत्रं इमारत पडली की यांना गुन्हेगार म्हणतात. दोन्हीकडे हा माणूस साईटवर नेमकं काय करतो ते गायब.

आता थोडं नदीकडे आणि डोंगराकडे, कारण तुलनेसाठी दोन जिल्हे निवडताना मी हे कारण दिलं होतं. पाटण तालुक्यातल्या कोयनानगरला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर भूकंपाच्या चौथ्या विभागात आहे, आजूबाजूचा बराच भाग तिसऱ्यात. म्हणजे कॉलमच्या रिंगा किती अंतरावर आणि त्यांचे हूक कसे वळवायचे, हा तिथे जिवाचा प्रश्न आहे. खाली सांगलीत कृष्णा. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. पूररेषा दोन, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या आणि लालच्या मध्ये चालतं, पण जोता लाल रेषेच्या वर घ्यायचा. एकच यूडीसीपीआर, पण पाटणला तिचा जीव रिंगेत आहे आणि सांगलीत जोत्याच्या उंचीत. जोता रस्त्यावरून दिसतो, टेप लावली की मोजता येतो, पूर आला की अख्ख्या गल्लीला कळतो. रिंग काँक्रीटच्या आत. तपासणी एकाच नावाची असली तरी सोपी कुठली आणि अवघड कुठली हे जमीन ठरवते. दोन शहरांची सरासरी काढून देशाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत हे बसवायला जागाच नाही.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण गाईडचा शब्द वाचून मी दुसऱ्या टोकाला गेले होते. ठरवलं, जागतिक बँक नको, आपणच माहिती अधिकारात दरवर्षीच्या परवानग्या मागवायच्या आणि 2015 ते 2023 चा आलेख काढायचा. काढला. 2020 नंतर साताऱ्याची रेघ अशी वर गेली की मी खुशीत गाईडना फोन केला: यूडीसीपीआरचा परिणाम दिसतोय. ते म्हणाले, 'नगरपालिकेची हद्द बघ.' सप्टेंबर 2020 मध्ये सातारा शहराची हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर हे भाग नगरपालिकेत आले. जी घरं आधी ग्रामपंचायतीच्या कागदावर उभी राहायची, ती आता नगरपालिकेच्या रजिस्टरात. त्यात करोनामुळे अडलेली प्रकरणं पुढे सरकली. त्यात डिसेंबरात यूडीसीपीआर. त्यात गुंठेवारी: 2001 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन नियमित करण्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना मिळाली, आणि सांगलीच्या उपनगरांत गुंठेवारी म्हणजे गल्लीच्या गल्ल्या. एका वर्षाच्या आत चार गोष्टी. माझ्या आलेखात त्या चारही एकाच रेघेत मिसळल्या होत्या.

तो आलेख मी प्रबंधातून काढला नाही. दुसऱ्या चॅप्टरमध्ये आहे, चारही तारखा उभ्या रेघांनी दाखवून. पहिल्या चॅप्टरमधून 27 वा क्रमांक गेला आणि त्याच्या जागी अण्णांच्या पिशवीचं टेबल आलं. पाच कॉलमचं. पाचव्या कॉलममधल्या बऱ्याच चौकटी रिकाम्या आहेत, आणि गेल्या आठवड्यात आरआरसीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी बोट ठेवून विचारलं की ह्या रिकाम्या का? माहिती मिळाली नाही म्हणून, की कुणी आलंच नाही म्हणून? मी दोन्हींसाठी एकच रिकामी चौकट ठेवली होती. आता परत फील्डवर जायचं आहे. अण्णांचा स्लॅब गुरुवारी आहे.